फॉर्म ते काउंटर: सरकारी बँकेच्या भरतीतून जाताना

निकाल लागल्यावर गावातल्या बहुतेकांनी माझ्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, "आप्पा, किती द्यावे लागले?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी आजूबाजूला भरत्या पाहिल्यात, पेपर फुटल्याच्या बातम्या वाचल्यात, कुणाच्या तरी पोरासाठी एकरभर रान विकलेलं पाहिलंय. आप्पा खरं ते सांगायचे, "साडेआठशेचा फॉर्म आणि जाण्यायेण्याचं भाडं." समोरचा मान हलवायचा, पण त्याला पटलेलं नसायचं. मी ही सगळी वाट चालले आहे, म्हणून ती सविस्तर लिहायची ठरवली. सरकारी बँकेच्या भरतीत पैसा आणि वशिला चालत नाही, हे मी ठामपणे सांगू शकते. पण दुसऱ्या काही गोष्टी चालतात, अडवतात, मागे टाकतात. त्या आपल्या मुलामुलींना आधी कळत नाहीत आणि त्यातच त्यांची वर्षं जातात.

आधी भरती कोण करतं ते सांगते. देशात आज १२ सरकारी बँका आहेत. त्यातली स्टेट बँक आपली परीक्षा स्वतंत्र घेते. उरलेल्या ११ बँकांसाठी, म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, बडोदा, युनियन, कॅनरा, पंजाब नॅशनल वगैरेंसाठी, आयबीपीएस ही संस्था एकत्र परीक्षा घेते. तिचं मुख्यालय मुंबईत कांदिवलीला आहे. पूर्वी बँकिंग सेवा भरती मंडळं होती, ती २००१ मध्ये बंद झाली. त्यानंतर दहा वर्षं प्रत्येक बँक आपापली जाहिरात काढायची. आमच्या शाखेतले एक वरिष्ठ अधिकारी त्या काळात लागले. ते सांगतात, प्रत्येक बँकेचा वेगळा फॉर्म, वेगळा डीडी, वेगळं हॉलतिकीट, आणि दोन बँकांचे पेपर एकाच रविवारी आले की एकावर पाणी सोडायचं. २०११ पासून सामाईक परीक्षा आली. खेड्यातल्या उमेदवारासाठी हा फार मोठा बदल होता, असं मला वाटतं. एक फॉर्म, एक फी आणि सगळ्या बँका.

मी २०२३ च्या भरतीत बसले. क्लार्कचा फॉर्म आधी आला आणि ऑगस्टमध्ये पीओचा, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरचा. दोन्हीला कोणतीही पदवी चालते. क्लार्कला वय २० ते २८ आणि पीओला २० ते ३०, राखीव प्रवर्गाला सवलत वेगळी. माझं बी.कॉम. झालेलं, शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून, गाव बार्शी तालुक्यात. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकेत काही महिने काढले होते. तिथे शेजारच्या खुर्च्यांवरचे जवळजवळ सगळे एमपीएससीवाले. बँकेचा अभ्यास करते म्हटलं की "अच्छा, बँक" एवढंच म्हणायचे. जणू ती परीक्षा दुसऱ्या कुणासाठी असते. त्यातल्या अनेकांचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि ते फॉर्मसुद्धा भरत नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं.

फॉर्म भरताना दोन निर्णय असे असतात, की ते नंतर बदलता येत नाहीत. क्लार्कसाठी एकच राज्य निवडायचं असतं. त्या राज्यातल्या जागांसाठीच तुमचा विचार होतो आणि तिथली भाषा लिहिता, वाचता, बोलता येणं अपेक्षित असतं. दुसरा निर्णय बँकांच्या पसंतीक्रमाचा. इथे मुलं ऐकीव माहितीवर क्रम टाकतात, कुठल्या बँकेत काम कमी, कुठल्या बँकेत बढती लवकर. मी बँकांच्या वेबसाइटवर जाऊन कुणाच्या शाखा कुठल्या जिल्ह्यात किती दाट आहेत ते पाहिलं आणि त्यावर क्रम ठरवला. आप्पांना ते लगेच पटलं, कारण पोरगी कुठे राहणार हाच त्यांचा पहिला प्रश्न होता.

फोटो आणि सही यांच्याशिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हस्ताक्षरात इंग्रजीत लिहिलेलं एक हमीपत्र अपलोड करावं लागतं. सही कॅपिटल अक्षरांत चालत नाही. हमीपत्र दुसऱ्याने लिहिलेलं चालत नाही, कारण पुढे परीक्षाकेंद्रावर तुमच्याकडून अक्षराचा नमुना घेतात. हे सगळं नेट कॅफेवाल्याच्या हाती सोपवणारे खूप आहेत. मी सांगेन की हा फॉर्म स्वतः बसून भरावा, मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. कॅफेवाल्याचा ईमेल दिल्यामुळे हॉलतिकिटासाठी त्याच्या दारात ताटकळणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता दाखल्यांबद्दल. यावर मला जरा जास्तच लिहायचं आहे, कारण अभ्यासात न अडकलेली माणसं इथे अडकतात. सरकारी बँकांची भरती केंद्राच्या आरक्षणानुसार होते, राज्याच्या नाही. आपल्याकडे भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे जे वेगळे प्रवर्ग आहेत, ते केंद्रात वेगळे नाहीत. त्यातल्या ज्या जाती केंद्राच्या यादीत आहेत, त्या तिथे ओबीसी म्हणून आहेत. माझी एक मैत्रीण राज्याच्या हिशोबाने एनटी-क. तिला वाटायचं की बँकेत आपल्याला जागाच नाही, म्हणून ती खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरायची. तिची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे हे तिला तिच्या घरात, कॉलेजात, क्लासमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं.

ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर लागतं आणि तेही केंद्राच्या नमुन्यातलं. राज्याचं आणि केंद्राचं ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. सेवा केंद्रावर नुसतं "नॉन-क्रिमीलेअर काढायचंय" म्हटलं की राज्याचंच हातात पडतं, कारण शंभरातले बहुतेक लोक कॉलेजच्या प्रवेशासाठी तेच काढतात. "केंद्र शासनाच्या नोकरीसाठी, सेंट्रल फॉरमॅट" हे शब्द उच्चारून सांगावे लागतात, आणि हातात आलेला कागद वाचून बघावा लागतो. प्रमाणपत्राची तारीखही जाहिरातीत दिलेल्या कालावधीतलीच हवी. जुनं, कितीही खरं असलं तरी, मुलाखतीच्या टेबलावर चालत नाही. त्याच मैत्रिणीला एका जिल्ह्यातल्या कार्यालयातून केंद्राचं मागूनही राज्याच्या नमुन्यातलं मिळालं. ते मुलाखतीच्या तोंडावर लक्षात आलं. तलाठ्याचा उत्पन्न दाखला, तहसील, प्रांत, पुन्हा सही, अशी तिची आणि तिच्या भावाची पळापळ मी पाहिली. मुलाखतीची तयारी करायच्या दिवसांत ती बसस्टँडवर होती.

मराठा समाजातल्या मित्रांची अडचण वेगळी. राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या भरतीत लागू नाही. तिथे ते खुल्यात येतात किंवा अटी बसल्या तर ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात. ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. आता आमच्या भागात कोरडवाहू ६ एकर म्हणजे पाऊस पडला तर तूर-सोयाबीन, नाही तर काहीच नाही. पण कागदावर ६ एकर म्हणजे ईडब्ल्यूएस नाही. बागायत आणि जिरायत यांना एकच माप लावणारी ही अट मला अन्यायाची वाटते. मात्र आज नियम तो आहे, आणि सातबारावर नावं कुणाची, किती क्षेत्र, हे फॉर्म भरण्याच्या आधी पाहून ठेवलेलं बरं.

परीक्षेकडे येते. पूर्व परीक्षा १०० प्रश्नांची, ६० मिनिटांची. पीओला इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५, रिझनिंगचे ३५ प्रश्न, आणि प्रत्येक विभागाला बरोबर २० मिनिटं. इंग्रजी लवकर संपलं म्हणून उरलेला वेळ गणिताला देता येत नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. प्रत्येक विभागाचा वेगळा कट-ऑफ आणि शिवाय एकूणाचा. म्हणजे गणितात पैकीच्या पैकी आणून इंग्रजीत गडगडलात तर बाहेर.

शाळेत आपल्याला गणित पायऱ्या लिहून सोडवायला शिकवतात आणि पायऱ्यांना गुण असतात. इथे पायरी लिहायला वेळच नाही. ६४० चे ३७.५ टक्के काढायचे तर गुणाकार करत बसायचं नाही, ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश हे डोळ्याला दिसलं पाहिजे. ६४० चे आठ भाग म्हणजे ८०, त्याचे तीन म्हणजे २४०. एक सप्तमांश म्हणजे १४.२८, एक अकरांश म्हणजे ९.०९, तीसपर्यंतचे वर्ग, वीसपर्यंतचे घन, हे सगळं पाढ्यांसारखं पाठ हवं. मी ते आईला भाकरी करताना म्हणून दाखवायचे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं.

रिझनिंगमध्ये अर्धा पेपर पझल्सचा असतो. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, अमका तमक्याच्या डावीकडे तिसरा. किंवा आठ मजली इमारत आणि प्रत्येक मजल्यावर वेगळ्या गावचा माणूस. अशा एकेका पझलवर पाच-पाच प्रश्न असतात. ते सुटलं तर पाच गुण, अडकलात तर आठ मिनिटं गेली. त्यामुळे वीस-तीस सेकंदांत वाचून हे करायचं की सोडायचं हे ठरवणं हाच खरा सराव. हुशार मुलांना हे जड जातं. समोरचं गणित सुटत नाही म्हणजे आपला अपमान असं त्यांना वाटतं आणि ती त्यातच रुतून बसतात. मी मॉक टेस्ट दिल्यावर चुकलेल्या प्रश्नांपेक्षा वेळ खाल्लेल्या प्रश्नांची वही करायचे. कुठल्या प्रकारचं पझल माझा वेळ खातं, हे त्या वहीने दाखवलं आणि परीक्षेत तसली पझल्स मी हातही न लावता पुढे गेले.

इंग्रजीबद्दल मात्र शॉर्टकट नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना व्याकरणाचे नियम बऱ्यापैकी येतात, पण उतारा वाचायचा वेग नसतो. मी रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान वाचायला घेतलं. सुरुवातीला एका लेखाला पाऊण तास लागायचा. नियम वाचून मला जे येत नव्हतं, ते नुसत्या वाचनाने हळूहळू आलं, कारण चुकीचं वाक्य मग कानाला खटकायला लागतं.

क्लार्कची परीक्षा आता मराठीतूनही देता येते. अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये १३ प्रादेशिक भाषांचा निर्णय घेतला त्यात मराठी आहे. इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत, पण गणित आणि रिझनिंग पडद्यावर मराठीत वाचता येतं. ही सोय आपल्या मुलांनी मिळवून घेतली पाहिजे. अडचण सरावाची आहे. मला तेव्हा मराठीतून मॉक टेस्ट फारच थोड्या सापडल्या. व्हिडिओ सगळे हिंदीत, पुस्तकं इंग्रजीत. मग सराव एका भाषेत आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत असं होतं आणि सेकंदांच्या खेळात ते महाग पडतं. बँकांच्या परीक्षेचं साहित्य मराठीत करणाऱ्याला राज्यात वाचक मिळतील, याची मला खात्री आहे. पीओची परीक्षा अजून इंग्रजी-हिंदीतच आहे.

पूर्व परीक्षेला माझं केंद्र सोलापूरला आलं. आत जाताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. आमच्या रांगेत एक नवीन लग्न झालेली मुलगी होती, तिच्या दोन्ही हातांवर मेंदी, आणि मशीन तिचे ठसे घेईना. हॉलतिकिटावर लिहिलेलं असतं की बोटांवर शाई किंवा मेंदी नको. पण ती सूचना बारीक अक्षरात, इंग्रजीत, बऱ्याच सूचनांच्या मध्ये. तिला बाजूला बसवलं, हात धुवून आणायला लावले, शेवटी एका बोटाचा ठसा लागला आणि ती आत आली. बसल्यावर तिचा श्वास चालला होता तो मला दोन खुर्च्या पलीकडे ऐकू येत होता. लगेच घड्याळ सुरू झालं.

पूर्व परीक्षेचे गुण पुढे धरत नाहीत, ती फक्त चाळणी. अंतिम यादी मुख्य परीक्षेवर लागते. क्लार्कची मुख्य परीक्षा तेव्हा १९० प्रश्न, २०० गुण, १६० मिनिटांची होती आणि त्यापुढे मुलाखत नाही. पीओची मुख्य परीक्षा तेव्हा १५५ प्रश्नांची, २०० गुणांची, तीन तासांची होती, आणि त्याला जोडून अर्ध्या तासात इंग्रजीत एक निबंध आणि एक पत्र टाइप करायचं होतं, २५ गुणांचं. मी कॉलेजात असताना सरकारी इंग्रजी टायपिंगचा ३० शब्दांचा कोर्स केला होता, तो इथे कामाला आला. चांगलं इंग्रजी येणारी मुलं दोन बोटांनी टाइप करत निबंध अर्धा सोडून उठली.

मुख्य परीक्षेतला सामान्य ज्ञान आणि बँकिंगचा विभाग आपल्या मुलांसाठी सगळ्यात लाभाचा आहे. पीओला तेव्हा ४० प्रश्न, ३५ मिनिटं होती, आणि आकडेमोड जवळपास नाही. येत असेल तर दहा-पंधरा मिनिटांत संपतो. एमपीएससी करणाऱ्यांना चालू घडामोडींची सवय असतेच. त्यात रेपो दर, रोख राखीव प्रमाण, अग्रक्रम क्षेत्राला ४० टक्के कर्ज, त्यात शेतीला १८ टक्के, ठेव विमा ५ लाखांचा, असं बँकेचं ज्ञान घालावं लागतं. मी रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं थेट तिच्या वेबसाइटवर वाचायचे. क्लासच्या पीडीएफमध्ये जे चार ओळींत येतं त्यामागचं कारण तिथे कळतं, आणि कारण कळलं की आकडा डोक्यात राहतो.

मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्या मधल्या काळात फोन यायला लागतात. "मॅडम, तुमचे मार्क थोडे कमी पडतायत, ॲडजस्ट करून देतो." माझा नंबर त्यांच्याकडे कुठून गेला माहीत नाही. आप्पांनी असा एक फोन उचलला आणि त्यांना घाम फुटला, कारण समोरचा अगदी सुटाबुटातल्या भाषेत बोलत होता. मी त्यांना बसवून समजावलं की उत्तरं संगणकावर, गुण संगणकावर, आणि वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरची काठिण्यपातळी एकसारखी करण्याचं सूत्रही ठरलेलं आहे. मध्ये हात घालायला माणूसच नाही. जो पैसे मागतो तो, तुम्ही तुमच्या गुणांवर लागलात तर ते आपलं काम म्हणून पैसे ठेवून घेणार आणि नाही लागलात तर फोन बंद करणार. गावात "किती द्यावे लागले" या प्रश्नाचं मूळ बहुधा इथे आहे. काही घरांनी खरंच दिलेले असतात, विनाकारण.

मुलाखत पुण्याला झाली. १०० गुणांची, त्यात खुल्या प्रवर्गाला किमान ४० टक्के आणि राखीवला ३५ टक्के हवेत. अंतिम यादीत मुख्य परीक्षेचं वजन ८० आणि मुलाखतीचं २०. आधी कागदपत्रांची तपासणी. तिथल्या टेबलावरची माणसं शांतपणे, पण एकही कागद न सोडता पाहतात. माझ्या मार्कशीटवर आणि आधारवर आईचं नाव थोडं वेगळं लिहिलेलं होतं. मी त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र सोबत नेलं होतं, म्हणून दोन मिनिटांत सुटले.

आत समोर पाच जण. पहिला प्रश्न बार्शीवर. "बार्शी लाइट रेल्वे माहीत आहे का?" माझ्या आजोबांनी त्या छोट्या गाडीतून कुर्डुवाडीला जायच्या गोष्टी सांगितल्या होत्या. १८९७ साली सुरू झालेली नॅरोगेज, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभारलेली, हे मी सांगितलं. मग रेपो दर, तेव्हा तो ६.५० टक्के होता. मग एका सरांनी विचारलं, वडील काय करतात? शेती. कर्ज आहे? किसान क्रेडिट कार्ड आहे. व्याज किती? ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४. पीककर्ज एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत खात्यात, कधी जातं? बाकीच्या कर्जांना ९० दिवस, पण कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम.

इथवर पुस्तकात होतं. पुढे त्यांनी विचारलं, "शेतकरी ते दरवर्षी कसं फेडतो?" मी सांगितलं, नवं-जुनं करतात. त्यांना ते माहीत असणारच, पण त्यांनी मला समजावून सांगायला लावलं. मुद्दल आणि व्याज एकदा पूर्ण भरायचं, मग बँक पुन्हा तेवढीच किंवा थोडी वाढवून मर्यादा मंजूर करते. भरायला पैसे कुठून आणतात? मी खरं सांगितलं की बरेच जण त्या चार-आठ दिवसांसाठी खासगीत उचलतात आणि त्या चार-आठ दिवसांचं व्याज बँकेच्या कित्येक महिन्यांच्या व्याजाइतकं पडतं. बँकेच्या वहीत कर्ज नियमित दिसतं, पण शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. त्यावर त्यांच्यात एकमेकांत बोलणं झालं. एका मॅडमनी विचारलं की तुम्ही शाखाधिकारी असाल तर काय कराल. मी म्हटलं, हंगामाची तारीख आणि माल बाजारात यायची तारीख जुळवून हप्त्याची मुदत ठरवेन आणि भरल्यानंतरचं नूतनीकरण त्याच दिवशी होईल हे बघेन. मुलाखत मी इंग्रजीत सुरू केली होती, हा भाग हिंदीत बोलले. त्यावर कुणी कपाळाला आठी घातली नाही.

मुलाखतीला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगते की आपल्या घरचा पैसा कसा येतो-जातो हे नीट समजून घेऊन जा. दूध डेअरीचा हप्ता, बचत गटाचं कर्ज, ऊसतोडीची उचल, पतसंस्थेतली ठेव, हे सगळं बँकिंगच आहे. शहरातला उमेदवार ते पाठ करून येतो, आपण त्यात वाढलेलो असतो.

१ एप्रिल २०२४ ला दोन्ही निकाल आले. क्लार्क म्हणून महाराष्ट्रात एका बँकेत आणि पीओ म्हणून दुसऱ्या बँकेत माझं नाव होतं. त्याच्या आधी काही आठवडे, ८ मार्चला, बँक कर्मचारी-अधिकाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात नवा वेतनकरार झाला होता. त्यानुसार पीओचं सुरुवातीचं मूळ वेतन ४८,४८० आणि क्लार्कचं २४,०५०. घरात दोन दिवस बोलणं चाललं. क्लार्क म्हणजे राज्यातच, पीओ म्हणजे देशात कुठेही. आई म्हणाली, जवळ राहा. आप्पा म्हणाले, लांब जायचं असेल तर आत्ताच जा. मी पीओ घेतलं.

रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी आणि कर्जाचा इतिहास. त्या वर्षीच्या जाहिरातीत क्रेडिट हिस्टरीची अट होती. माझ्या ओळखीच्या एकाचा शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकला होता. त्याला आधी तो भरून, बँकेकडून पत्र घेऊन मगच पुढे जाता आलं. मोबाइल हप्त्यावर घेऊन शेवटचे दोन हप्ते बुडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काही बँका बाँडही लिहून घेतात, तो वाचून सही करावी. पीओचा परिविक्षा काळ दोन वर्षांचा असतो.

माझी नेमणूक तेलंगणातल्या एका निमशहरी शाखेत झाली. आणि या सगळ्या प्रक्रियेने मला जे कुठेच विचारलं नव्हतं, ते पहिल्याच सकाळी समोर आलं. काउंटरपलीकडे एक म्हातारे शेतकरी उभे होते, हातात पासबुक, आणि तेलुगूत काहीतरी विचारत होते. स्लिपा हिंदी, इंग्रजी आणि तेलुगूत छापलेल्या होत्या, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. पण त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. सोलापुरात विणकर घरांतल्या तेलुगू मैत्रिणी होत्या म्हणून मला दहा-वीस शब्द माहीत. त्यावर किती निभणार? शाखेतल्या स्थानिक क्लार्क ताईंनी मध्ये पडून त्यांचं काम केलं. ते पीकविम्याचे पैसे आले का ते विचारत होते.

आप्पा आमच्या गावाकडच्या बँकेत जायचे तेव्हा असाच एखादा तरुण अधिकारी समोर असायचा, भला माणूस, पण त्याला मराठी येत नसे आणि आप्पा हिंदीत अडखळायचे. काम न होता परत आले की म्हणायचे, "साहेबाला काय म्हणतोय तेच कळंना." आता काउंटरच्या अलीकडे मी होते.

पीओची परीक्षा वेग मोजते, इंग्रजी मोजते, दाखले तपासते, क्रेडिट स्कोअर पाहते. ज्या माणसासाठी बँक उघडली आहे त्याच्याशी बोलता येतं का, हे विचारत नाही. क्लार्कला ते विचारतात. माझ्या मते क्लार्कच्या भाषेची ती अट बँकांनी अगदी कडकपणे पाळली पाहिजे. महाराष्ट्रातल्या जागांसाठी मराठी येतं असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला काउंटरवर माणूस उभा करून बोलायला लावावं. आणि आपल्या मुलांनी त्या जागा सोडू नयेत. तलाठी, पोलीस, एमपीएससी जरूर करा, पण त्याच अभ्यासात हा एक फॉर्म बसतो.

अधिकाऱ्यांची अखिल भारतीय भरती मला चुकीची वाटत नाही. माझ्यासारखीला तिनेच संधी दिली. माझ्याच तुकडीतला बिहारचा एक मित्र आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तो कधी कधी फोन स्पीकरवर टाकतो आणि पलीकडून एखादे काका मला सांगतात, "ताई, नवं-जुनं कधी करत्यात विचारा की साहेबाला." मी विचारते, उत्तर सांगते. पण बँका अशा फोनवर चालू शकत नाहीत. रुजू झाल्यावर आम्हाला प्रशिक्षण महाविद्यालयात केवायसी, कर्जवाटप, संगणकप्रणाली असं सगळं शिकवलं गेलं. त्यातच नेमणुकीच्या राज्याची भाषा घाला, शिकवायला त्या राज्यातलाच निवृत्त क्लार्क बोलवा, आणि परिविक्षा संपवून कायम करताना त्या भाषेची तोंडी परीक्षा घ्या. मी शाखेतल्या ताईंकडे संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर शिकतेय. पीककर्ज, थकबाकी, पासबुक भरणं, वारसनोंद, एवढं आता तेलुगूत बोलता येतं. विम्याचं अजून नीट येत नाही.